वेगळाच ट्रेलर

आमच्या गावात कुणी कुणाला नावं ठेवत नाही. त्यावरून गाव फार सज्जन आहे असा अर्थ बाहेरचे लोक काढतात, आणि तो तसाच काढला जावा अशी गावाचीही इच्छा असते. पण पाव शतक इथे राहून आणि इथल्याच मुलीशी संसार करून मी एक गोष्ट शिकलोय. नावं ठेवायला इथे शब्द थोडे असले तरी पुरून उरतात. तुमच्या घराचा नवा रंग बघून कुणी 'वाईट नाही' म्हणालं, तर त्याला जेवायला थांबवा, माणूस हेलावून गेलाय. 'बरं आहे' म्हणालं, तर रंग बरा नाही. 'वेगळं आहे' म्हणालं, तर उरलेले डबे परत घेतात का ते दुकानात विचारून या. याच्याही खाली एक पायरी आहे, ती म्हणजे 'हे तू स्वतः केलंस का?' तिथपर्यंत सहसा कुणी पोचत नाही. मी बोटीच्या ट्रेलरवरून पोचलो.

बोट माझ्या सासऱ्यांची. त्यांचं नाव हालवर. ते इथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. आज गावात टोपी घालून, पोट पुढे काढून जे जे पुरुष हिंडताना दिसतात, ते सगळे कधी ना कधी हालवरच्या खोलीबाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसलेले आहेत. बोट त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली, सीडरच्या पातळ फळ्यांची, पोटाखालून लांबलचक कणा असलेली. आर्डिस, म्हणजे माझी बायको, तेव्हा खिळे हातात द्यायच्या वयाची होती. ती बोट त्यांच्या तळ्याकाठच्या केबिनवर, बोटघरात, वर्षानुवर्षं राहिली. चाकांवर कधी चढली नाही, कारण तिला कुठे जायचंच नव्हतं.

या वर्षी केबिन विकली गेली. सासूबाईंच्या मागे हालवरचा तिकडे जीव रमेना. घेणारं जोडपं शहरातलं, हसतमुख. वॉलाय माशांचा हंगाम ज्या शनिवारी सुरू होतो, त्या दिवशी त्यांना किल्ल्या द्यायच्या ठरल्या. बोटघरात त्या दिवशी जे उरेल ते त्यांचं. बोट बघून त्या बाईंनी हात जोडले आणि त्या म्हणाल्या, "किती गोड! आपण हिला फाटकाशी ठेवू, माती भरू आणि पिटुनिया लावू."

हालवर म्हणाले, "पिटुनिया चांगल्या असतात."

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून निघालेलं याहून दुःखी वाक्य मी ऐकलेलं नाही. आर्डिसला बोट हवी होती, पण तिच्या माहेरी मागायची पद्धत नाही. बोट आपल्याच घरात राहावी असं हालवरना वाटत होतं, पण त्यांच्या घराण्यात देतो म्हणायची पद्धत नाही. अशा घरात एखाद्या वस्तूने एका हातातून दुसऱ्या हातात जायचं तरी कसं, हे मला आजवर उलगडलेलं नाही. म्हणून मी, दोन तळी पलीकडच्या गावचा, म्हणजे परका माणूस, मध्ये पडलो. म्हणालो, "हालवर, मी ट्रेलर आणतो. बोट गावातल्या मोठ्या तळ्यावर नेऊ. धक्क्यावर तुमची जागा आहेच की."

हालवर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला त्रास."

"अजिबात नाही."

"बघ मग. जमलं तर बघ."

जमण्याबद्दल मला कसलीच शंका नव्हती, आणि त्याला कारण होतं. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. ट्रेलर गाडीपासून सुटून कुठे कुठे जातात हे मला जितकं ठाऊक आहे, तितकं या जिल्ह्यात कुणालाच नसेल. मागच्या ट्रेलरने आपल्याच गाडीला ओव्हरटेक केल्याचं माणसं मला सांगून गेली आहेत. एका गृहस्थाचा ट्रेलर सुटून चर्चच्या स्वयंपाकघरात शिरला होता, आणि तिथल्या बायकांनी आधी त्याला कॉफी दिली होती. तेव्हा गाडी आणि ट्रेलर यांचा सांधा हा माझा हक्काचा विषय. ट्रेलर मिळाला शेजारच्या गावात, एका अंगणातल्या विक्रीत. तो हलक्या, सपाट बुडाच्या ॲल्युमिनियमच्या बोटीचा होता. एवढ्या बारीक गोष्टीकडे त्या वेळी माझं लक्ष गेलं नाही.

मी कामाला लागलो. गाडीच्या मागचा गोळा ट्रेलरच्या तोंडात नीट बसतो की नाही ते पाहिलं, खिट्टी लावली, खिट्टीला कुलूप लावलं. सांधा सुटलाच तर दांडी रस्त्यावर आपटू नये म्हणून दोन साखळ्या खालून एकमेकींवर ओलांडून लावल्या, म्हणजे दांडी त्या झोळीत अलगद पडते. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. बोट ज्यावर टेकते त्या दोन बाजूंच्या लांब फळ्यांना जुनं कापड होतं, ते काढून आमच्या न्हाणीघरात उरलेला गालिचा ठोकला. तो गुलाबी होता. दिव्यांनी जरा छळलं. डावीकडे वळायची खूण केली की उजवा दिवा लुकलुके, आणि ब्रेक दाबला की गाडीचा हॉर्न वाजे. शेवटी ती भानगड निस्तरली आणि मी हात पुसत मागे सरकून उभा राहिलो. माझ्याच हातचं काम इतकं सुंदर दिसू शकतं याचं मला नवल वाटलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून वेंडेल आला. वेंडेल आमचा शेजारी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, देवमाणूस. तो खिशात हात घालून ट्रेलरसमोर उभा राहिला. मग बाजूने गेला, मग मागून गेला, मग परत समोर आला.

"हं," तो म्हणाला. "वेगळं आहे."

तरी मी हसून विचारलं, "वेगळं म्हणजे?"

"नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने."

"कोणत्या चांगल्या अर्थाने?"

"तुला आवडलंय ना, गॉर्डी? मग झालं तर." त्याने आभाळाकडे पाहिलं. "पाऊस येईलसं वाटतं. मदत लागली तर सांग हं."

"छे छे, तुला कशाला त्रास."

"खरंच सांग. मला काही काम नाही."

"नको रे, होतंय."

आता आमच्याकडचा रिवाज असा, की मदत दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची. तिसऱ्यांदा विचारायला वेंडेलने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात त्याच्या बायकोने जेवायला हाक मारली आणि तो गेला. त्या दिवशी त्यांच्याकडे भट्टीतली हॉटडिश दहा मिनिटं उशिरा शिजली असती, तर ही कथा इथेच संपली असती.

त्या क्षणापासून मला एकच ध्यास लागला. वेगळं काय आहे? इथल्या माणसाला काहीतरी दिसतं आणि ते मला दिसत नाही, हे काही माझ्याने सहन होईना. मी ट्रेलरभोवती सकाळी फिरलो, संध्याकाळी फिरलो. गुडघ्यांवर बसून खालून पाहिला, शिडी लावून वरून पाहिला. शिडीवरून आर्डिसला हाक मारून विचारलं, "तुला यात काय वेगळं दिसतं?"

"मला ट्रेलरमधलं काय कळतंय? बाबांना विचार."

"विचारलं. म्हणाले, 'तू विम्यात आहेस, तुला जास्त कळतं.'"

आर्डिसने हातातला चमचा खाली ठेवला. "असं म्हणाले? मग फारच वाईट असणार."

शेवटी मी शास्त्रीय पद्धतीचा अवलंब केला. ट्रेलर रस्त्याला लागून उभा केला आणि पक्षी बघायची दुर्बीण घेऊन दिवाणखान्याच्या पडद्याआड बसलो. येणारेजाणारे थांबतात, पण त्यांची नजर नेमकी कुठे ठरते ते टिपायचं, असा बेत. पोस्टमन थांबला आणि त्याने मान हलवली. पाळणाघराच्या बाई थांबल्या, त्यांनी मुलांना पुढे घेतलं. वेंडेलचा कुत्रा आला, ट्रेलर हुंगला आणि नेहमीचं काम न करताच निघून गेला. खुद्द वेंडेल दोनदा आला. दोन्ही वेळा त्याची नजर बाजूच्या फळ्यांवर थांबली, तिथून बोटीच्या पोटाइतक्या उंचीवर हवेत गेली आणि मग आभाळात. मी दुर्बीण खाली ठेवली. कोडं सुटलं होतं! गुलाबी गालिचा!

त्याच दुपारी मी तो उपटून काढला आणि राखाडी लावला. वेंडेलला मुद्दाम बोलावून दाखवला.

"आता?"

वेंडेल बराच वेळ बघत राहिला. "हं," तो म्हणाला, "हेही वेगळं आहे."

याच सुमारास कळलं की ट्रेलरला नंबरप्लेट हवी, आणि त्यासाठी त्याचं वजन लागतं. परवाना कचेरीतल्या बाई फार गोड बोलतात. "वजन नाही आणलंत? काही हरकत नाही हं. वजन करून आणा आणि मग परत रांगेत उभे राहा." आता ट्रेलरचं वजन कुठे करतात? धान्याच्या कोठारावर, ट्रकांच्या काट्यावर. मी माझा रिकामा ट्रेलर उड्या मारत तिकडे नेला आणि मक्याच्या दोन अवाढव्य ट्रकांच्या मध्ये रांगेत उभा राहिलो. काट्यावरच्या माणसाने ट्रेलर सोडून गाडी पुढे घ्यायला सांगितली. ती घेतली. मग परत येऊन मी ट्रेलरपाशी अभिमानाने उभा राहिलो, फोटो काढताना उभं राहतात तसा. त्याने काचेमागून चिठ्ठी दिली आणि मी ती कचेरीत नेली.

बाईंनी चिठ्ठी वाचली, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही काट्यावर उभे नव्हता ना?" त्यांनी अगदी नाजूकपणे विचारलं.

मी म्हणालो, "चालेल. जास्त सुरक्षित." दुसरं काय म्हणणार? मागे लांब रांग होती. तेव्हा सरकारदरबारी आमचा ट्रेलर आहे त्यापेक्षा एका गॉर्डनने जड आहे, आणि तो गॉर्डन किती वजनाचा, हे वजाबाकी करणाऱ्या सगळ्या गावाला माहीत आहे. काट्यावरचा माणूस मात्र निघताना मला हळूच म्हणाला होता, "ट्रेलर तुम्ही स्वतःच तयार केलात का हो?" मी हो म्हणालो. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुढच्या ट्रकला हात केला.

हंगामाचा शनिवार उजाडला. केबिनवर आर्डिस, मी, वेंडेल आणि खुर्ची टाकून बसलेले हालवर. बोटघराच्या उतारावर गोल ओंडके टाकले आणि त्यांच्यावरून बोट ढकलत, ओढत ट्रेलरवर चढवली. ती ओंडक्यांवरून हळूहळू पुढे आली, तशी आर्डिस तिच्या कडेवरून हात फिरवत चालत होती. एका जागी थांबून ती म्हणाली, "हा वाकडा खिळा माझा." मग आमच्याकडे पाठ करून ती फार वेळ काहीतरी शोधत राहिली.

बोट बसली. म्हणजे मला तरी ती बसलेली वाटली. ती जरा मागे राहिली होती हे खरं, शेपूट फळ्यांच्या टोकांपलीकडे लोंबत होतं. पण बोट दोराने ओढून घ्यायची पुढची चरखी जिथे होती, तिथे तिचं नाक बरोबर लागत होतं. चरखीची जागा बदलता येते हे कुणी मला सांगितलं नव्हतं. पट्टे मात्र मी असे आवळले की हत्ती लावला तरी सुटले नसते. लाकूड कण्हलं. हालवर खुर्चीवरून उठले, एकदा बोटीभोवती फिरले आणि पट्ट्यावर हाताचं बोट टेकवून म्हणाले, "घट्ट आहे."

"मग!" मी म्हणालो.

"हं," हालवर म्हणाले आणि गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. आर्डिस मागे बसली. तेवढ्यात शहरातलं जोडपं आलं. बाईंच्या हातात पिटुनियांच्या रोपांचा ट्रे होता. रिकामं बोटघर बघून त्यांचा चेहरा जरा उतरला. हालवरनी काच खाली करून त्यांना म्हटलं, "फाटकाशी जुना बाथटबही छान दिसतो."

आम्ही निघालो. थोड्याच वेळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जरा वेग वाढवला की ट्रेलर मागे डोलायला लागे, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि त्याच्यासोबत आमची गाडीही. वेग कमी केला की सगळं शांत. तेव्हा मी हळू जायचं ठरवलं, मग आणखी हळू. मागे वेंडेलने आपल्या पिकअपचे दिवे लावले, आम्हाला जपायला म्हणून. त्याच्यामागे आलेल्या गाडीला वाटलं, लावायचे असतील, तिनेही लावले. आमच्याकडे हॉर्न वाजवणं असभ्य समजतात, आणि मागून पुढे जाणं तर त्याहून असभ्य. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या दिवशी तळ्यांकडे निघालेली जी जी गाडी मागून आली, ती ती दिवे लावून गुपचूप रांगेत सामील झाली.

समोरून एक ट्रॅक्टर आला. आम्हाला बघताच शेतकऱ्याने तो कडेला घेतला, खाली उतरला, टोपी काढली आणि छातीशी धरली.

हालवरनी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो. "काही ऐकलं नाही."

पुढे आणखी दोन गाड्या कडेला थांबल्या. चौकात शेरीफचा शिपाई गाडीतून उतरला, आडवी रहदारी अडवून त्याने आम्हाला वाट करून दिली आणि कपाळाला हात लावला. आम्ही पुढे गेलो तसा तोही गाडीत बसून रांगेच्या शेवटी लागला. चर्चपाशी पास्टर बाई दारात आल्या. 'मला कुणी कळवलं कसं नाही' असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आर्डिसने मागे वळून पाहिलं.

"गॉर्डी," ती म्हणाली, "ही अंत्ययात्रा आपली आहे."

"काहीतरीच!"

"पुढच्या गाडीत बाबा बसलेत, मागे लाकडाची लांब वस्तू आहे, आणि तिच्यामागे प्रेतयात्रेला लावतात तसे भरदिवसा दिवे लावलेली रांग आहे. लोक काय समजतील?"

हालवर काचेतून बाहेर बघत होते. पुढच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी हात केला. त्याने धरलेली टोपी खाली पडली. हालवर म्हणाले, "हा सातवीत दोनदा बसला होता. आता इतका सभ्य झालाय."

मला हसू येत होतं, पण ते पुरतं आलं नाही, कारण मागून आवाज येऊ लागला होता. बारीक, ओढलेला, दाराची बिजागरी कुरकुरते तसा. प्रत्येक खड्ड्याला एक. मी हालवरकडे पाहिलं. ते समोर बघत होते. त्यांचे हात मांडीवर होते, आणि हातांच्या शिरा ताणल्या होत्या.

"आवाज येतोय का?" मी विचारलं.

"वेगळा आहे," ते म्हणाले.

इतक्या दिवसांचं साठलेलं मग माझ्या तोंडून बाहेर पडलं. "हालवर, देवाची शपथ आहे तुम्हाला! काय वेगळं आहे ते एकदा सांगून टाका. सगळ्या गावाला दिसतंय, कुत्र्याला दिसतंय, मलाच दिसत नाही! काय चुकलंय?"

"तू करतोयस तसं कर," ते म्हणाले. "मी काही—"

तेवढ्यात मागे कडाड असा आवाज झाला.

"थांबव!" हालवर ओरडले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. "थांबव म्हणतो ना! गाढवा, कणा मोडशील तिचा!"

मी ब्रेक दाबला. आमच्यामागे सगळी रांग थांबली. आणि त्या उघड्या काचांतून तो आवाज जिथवर पोचला, तिथवरची दारं आपोआप उघडली. वेंडेल उतरला, शेरीफचा शिपाई उतरला, मासे धरायच्या काठ्या घेऊन निघालेले मोठमोठे बाप्ये उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओळीत उभे राहिले, हात बाजूला, टोप्या हातात.

हालवर ट्रेलरपाशी गेले. वाकले, खाली हात घातला, चाचपलं. बोटीची एक लाकडी बरगडी तडकली होती, पण कणा शाबूत होता. ते सरळ झाले आणि माझ्यावर जे बरसले, ते बरसलेच.

"ही काय ॲल्युमिनियमची परात आहे? हिला कणा आहे, कणा! बोट कण्यावर उभी राहते. बाजूच्या फळ्या नुसत्या धरायला असतात, पडू नये म्हणून. तू सगळा भार पातळ फळ्यांवर टाकलास आणि वरून पट्टे आवळलेस! आणि हे शेपूट! इंजिन टांगायची जागा ती, तिच्याखाली आधार नको? वर ती मागे ओढलेली, मग दांडीवर भार येणार कुठून? म्हणून डोलतोय तो! चरखीचा खांब पुढे घ्यायचा असतो, दोन बोल्टांचं काम. कुलपं लावतोस खिट्टीला! आतलं मोडलं तर कुलपाचं काय लोणचं घालायचंय?"

मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. खरं सांगतो, अपमान वगैरे वाटायला मला वेळच झाला नाही. इतक्या दिवसांचं कोडं एकेका वाक्याने सुटत होतं. अरे हो, कणा! अरे हो, दांडीवरचा भार! दाव्यांच्या फायलींत हे कधी आलंच नव्हतं, कारण बोटीची पाठ मोडली म्हणून दावा करायला आमच्याकडे कुणी येत नाही. अशी माणसं घरात बसून गुपचूप रडत असतील.

मग हालवर ओळीकडे वळले. "हे आधी कुणाकुणाला दिसलं होतं? हात वर."

वेंडेलचा हात वर गेला. शिपायाचा गेला. मग एकेक करत सगळ्या ओळीचे गेले. आमच्या गाडीच्या खिडकीतून आर्डिसचाही हात अर्धवट बाहेर आला.

"तू तर म्हणालीस ट्रेलरमधलं कळत नाही!" मी ओरडलो.

"ट्रेलरमधलं नाहीच कळत," ती म्हणाली. "बोटीतलं कळतं."

"मग याला सांगितलं का नाही कुणी?" हालवरनी विचारलं.

सगळे बुटांकडे बघू लागले. शेवटी वेंडेल पुटपुटला, "सर, तो इतका खूश होता."

आणि मी, ज्याने या माणसाशी पाव शतक फक्त हवापाण्यावर गप्पा मारल्या, मी म्हणालो, "हालवर, तुम्हीही नाही सांगितलंत."

हालवरनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच आपलाही हात वर केला, खांद्यापर्यंत.

"मला वाटलं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तू म्हणशील, म्हाताऱ्याला बोट द्यायची नाही, म्हणून खोट काढतोय." त्यांनी दुसरा हात बोटीच्या कडेवर ठेवला. "आणि मला तर द्यायची होती."

आर्डिस गाडीतून उतरली. वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा वर केलेला हात धरून खाली आणला.

त्यानंतर तिथे जे काम झालं, तसं मी कधी पाहिलं नव्हतं. वेंडेलच्या पिकअपमध्ये दोन जाड तुळया होत्या. माझ्याच ट्रेलरसाठी त्या केव्हापासून ठेवल्या होत्या, हे त्याने लाजत कबूल केलं. सगळ्यांनी मिळून बोट उचलून धरली. खाली कण्यासाठी लांब तुळई बसली, बाजूच्या फळ्या खाली उतरून पोटाला नुसत्या टेकल्या, आणि मागे जिथे शेपूट लोंबत होतं तिथे भक्कम आधार आला. चरखीचा खांब पुढे सरकला, बोट पुढे आली आणि दांडी गाडीवर जरा दबली. हालवर एकेकाला नावाने रागावत होते आणि तो तो माणूस 'हो सर' म्हणत खुशीत काम करत होता. मी बोल्ट उलटा फिरवला, तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. पास्टर बाई कॉफी आणि लिंबाच्या गोड वड्या घेऊन धावत आल्या. इतक्या प्रसन्न अंत्ययात्रेत मी पूर्वी कधी गेलो नव्हतो.

मग आम्ही निघालो. वेग वाढवला, ट्रेलर डोलला नाही. आवाजही आला नाही.

तळ्यावर बोट पाण्यात सोडली आणि ती गळायला लागली. "वाळलेलं लाकूड आहे, पाणी पिऊ दे तिला," हालवर म्हणाले. "फुगलं की फटी मिटतील." बाकीच्या सगळ्या बोटी दूर निघून गेल्या, आमची धक्क्याला बांधलेली. पण हालवर काही बाहेर येईनात. ते पोटऱ्यांपर्यंत पाण्यात पाय ठेवून फळीवर बसले आणि तिथूनच त्यांनी गळ टाकला. मी कॉफीच्या डब्याने पाणी उपसत होतो. ते मला सांगत होते, की मी डबा चुकीचा धरलाय, चुकीच्या बाजूला उपसतोय, आणि माझ्या सावलीने मासे पळतायत. आर्डिस धक्क्यावर पाय सोडून बसली होती आणि इतकी हसत होती की तिला डोळे पुसावे लागत होते.

दुपारच्या सुमारास मासेमारी खात्याचा वॉर्डन धक्क्यावरून चालत आला. नवीन, तरुण माणूस, इथला नव्हता. त्याने पाण्याने भरलेली बोट पाहिली, तिच्यात शांतपणे बसलेले म्हातारे गृहस्थ पाहिले.

"छान आहे बोट," तो म्हणाला. "कुणाची?"

आर्डिसचं हसू थांबलं. माझा डबा हवेत राहिला. हालवरनी गळाची दोरी थोडी गुंडाळली, पुन्हा सोडली, आणि मागे न बघता माझ्याकडे अंगठा केला.

"या गाढवाची."

वॉर्डन गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी डबा खाली ठेवला, ओले हात शर्टाला पुसले आणि ताठ उभा राहिलो.

"हो," मी म्हणालो. "तो मीच."